पडलाच तर दिसावा

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आर्वीतल्या एका जिनिंगमध्ये, नमुने पाहायच्या टेबलावरच्या काळ्या कापडावर, रुईच्या पुंजक्यात एक लाल कण सापडला. मसुराच्या सालाच्या चौथ्या हिश्श्याएवढा. सापडला तो सूतगिरणीकडून माल पाहायला आलेल्या माणसाला. त्यानं तो चिमट्यानं उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि कागद मॅनेजर पुंडलिकरावांकडे सरकवला. टेबलापाशी तेव्हा सहा जण होते. त्यांत बाई एकच, ग्रेडर छाया. पुंडलिकरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला आणि म्हणाले, "मॅडम, हात दाखवा." छायानं दोन्ही हात पुढे केले. तळवे खाली, बोटं पसरून. डाव्या हाताच्या मधल्या नखावरचा रंग एका कोपऱ्यात उडालेला होता आणि उडालेल्या जागेचा आकार कागदावरच्या कणाशी जुळत होता. त्याबद्दल तेव्हा वाद नव्हता, आताही नाही.

आता म्हणजे रविवारी दुपारी एक वाजता. खोलीत खिडकीखाली चौरंग, चौरंगावर जुना पंचा, पंचावर स्पिरिटची बाटली, कापूस, कानस, नखं घासायचा खरखरीत ठोकळा, आंब्याच्या लाकडाची टोक काढलेली काडी आणि काजलचा दिवा. दिवा पांढरा, कासवाच्या पाठीसारखा, पुढून उघडा. आत हात घातला की जांभळा उजेड पडायचा आणि साठ सेकंदांनी आपोआप विझायचा. काजल छायाच्या बहिणीची मुलगी, नागपूरला पार्लरमध्ये कामाला. महिन्यापूर्वी घरातल्या लग्नासाठी आली तेव्हा नवा घेतल्यामुळे हा जुना दिवा, त्यातच वाळणाऱ्या रंगाच्या तीन बाटल्या आणि तळाच्या व चकाकीच्या थराच्या दोन मावशीकडे ठेवून गेली होती. छायानं तेव्हा त्या कपाटात वरच्या फळीवर टाकल्या आणि लग्नासाठी आष्टीच्या बाजारातली साधी बाटली घेऊन नखं रंगवली. तीच चूक. साध्या रंगाचे पापुद्रे निघतात हे कुठल्याही बाईला माहीत असतं. ग्रेडरला तर ते दुपटीनं माहीत असायला हवं, कारण रुईत शेतातून आलेला पाचोळा चालतो, सरकीचं टरफल काही प्रमाणात चालतं, पण रंगीत काही चालत नाही. पोत्याचा सुतळीचा तुकडा, प्लास्टिकचा धागा, डोक्यातली रिबन. एक धागा सुतात जातो, सुतातून कापडात, आणि पांढऱ्या थानावर कुठेतरी तो उमटतो. अकरा हंगाम ती हेच गाड्यांवरच्या लोकांना सांगत आली होती. लग्न होऊन तीन आठवडे झाल्यावर, रंग कडेनं उडायला लागलेला दिसत असताना, रोज संध्याकाळी उद्या पुसू म्हणत ती तशीच टेबलावर गेली. लाल कण तिचाच. तिनं तो मागून घेतला होता. कागदाची पुडी करून पर्समध्ये ठेवला होता.

कणाचं तिला इतकं लागलं नव्हतं. काल दुपारपासून जे मनातून जात नव्हतं ते दुसरंच होतं. पुंडलिकराव हात दाखवा म्हणाले आणि तिनं ते दाखवले, मध्ये क्षणसुद्धा गेला नाही. कोणी पाणी मागावं आणि आपण तांब्या उचलावा तसे हात आपोआप पुढे गेले. काऊन, असं तिनं विचारलं नाही. समोर मुकेश उभा होता, तिच्याबरोबरचा दुसरा ग्रेडर, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून. खर्रा मळायचा तो डाव्या तळव्यावर उजव्या अंगठ्यानं, दिवसातून आठ-दहा वेळा, आणि त्याच अंगठ्यानं रुई ओढायचा. त्याचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट नखांच्या मुळापर्यंत कातासारखं तांबूस झालं होतं. त्याचे हात कोणी पाहिले नाहीत. तिनंही पाहा म्हटलं नाही. पुंडलिकरावांनी हुकूम सांगितला तो सगळ्यांसमोर आणि तसा सौम्यपणेच: सोमवारपासून नखांना काही नको, काही असलं तर मॅडमनी वजनकाट्यावर बसावं, गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहाव्यात, टेबल मुकेश पाहील. गिरणीचा माणूस मोबाइलमध्ये पाहत होता. मुकेश म्हणाला, जाऊ द्या ना साहेब, लहानशी गोष्ट. तिच्या बाजूनं बोलणारा तो एकटाच निघाला, याचाही तिला राग आला.

काट्यावर बसणं म्हणजे शिक्षा नव्हती. सावली होती, पंखा होता, खुर्ची होती. पण हात कापसात नसणार होता. गाडीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, वरचा दाखवायचा कापूस बाजूला सारून आतला मूठभर काढायचा. तळव्यात ओल कळते, बोटांना किडक्या, डागी कापसाची कवडी कळते, मग एका बोंडाची रुई सरकीवरून सोडवून दोन अंगठ्यांच्या चिमटीत धरायची, ओढायची, एकावर एक ठेवायची, पुन्हा ओढायची, शेवटी तंतू विंचरल्यासारखे सरळ होतात आणि काळ्या कापडावर ठेवले की तार किती लांब ते डोळ्यांना दिसायच्या आधी अंगठ्यांना समजलेलं असतं. तार मोजायचं यंत्र आलं होतं. यंत्राचा आकडा आणि तिचा आकडा यांत फार तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडायचा, आणि दोनदा असं झालं होतं की यंत्रच तपासायला पाठवावं लागलं. हे सगळं ती कोणाला सांगत नसे. गाडीवरचे शेतकरी मात्र विचारायचे, आज मॅडम आहे का टेबलावर. काही जण असली तर गाडी लावायचे, काही जण नसली तर.

काजलचा आवाज मोबाइलमधून तिसऱ्यांदा ऐकून झाला. "मावशी, पातळ लावजो. जाड लावशीन तं वरून वाळते अन् खालून कच्चं राह्यते. चामडीले लागू देऊ नको. अन् ब्रश नखाच्या टोकावरून आडवा फिरवजो, सुटते ते तेथूनच सुटते." मागे पार्लरमधला ड्रायर घोंघावत होता. छायानं आधी राहिलेला लाल रंग रिमूव्हरनं पुसला, मग नखं एका दिशेनं घासली. पुढे-मागे घासलं की नखाचे पदर सुटतात हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तंतूचंही तसंच असतं. थंडीत तिची नखं नेहमी दुभंगायची. उघड्या नखाच्या दुभंगलेल्या कडेत रुई अडकते, ओढताना तुटते आणि तार आहे त्याहून आखूड दिसते. तशा नखांनी तिनं किती गाड्यांना प्रत लावली असेल, आणि किती माणसं आखूड तारेचा शिक्का घेऊन घरी गेली असतील. हा विचार दर जानेवारीत येऊन जायचा. आज तो गेला नाही, चौरंगापाशी बसून राहिला. लाकडाच्या काडीनं नखाच्या मुळाशी आलेली कातडी तिनं मागे सारली. ठोकळ्यानं नखांची चकाकी घालवली. स्पिरिटनं पुसली. दहा नखं सोलून ठेवलेल्या लसणाच्या पाकळ्यांसारखी कोरडी आणि अनोळखी दिसत होती.

निवडायच्या बाटल्या तीन होत्या. एक फिक्कट गुलाबी, एक बिनरंगाची, एक गडद लाल. बिनरंगाची बाटली तिनं हातात घेतली आणि बराच वेळ धरली. हिनं सगळा पेच सुटत होता. कड बंद होईल, नखं दुभंगणार नाहीत, तीन आठवडे टिकेल आणि पुंडलिकरावांना काही दिसणार नाही. हुकूमही मोडला नाही असं म्हणता येईल. पण तिच्या आतली ग्रेडर हा कापूस पसंत करेना. समजा, यातूनही कधी कण उडाला. बिनरंगाचा कण रुईत पडला तर काळ्या कापडावर कोणाला दिसेल? तो गठाणीत जाईल, सुतात जाईल, आणि कोणाचा हे कधीच कळणार नाही. तिलाही नाही. लाल कण पडला, दिसला, जुळला, तिचा निघाला. पडलाच तर दिसावा. तिनं बिनरंगाची बाटली फळीवर परत ठेवली आणि लाल उघडली. मनाशी एवढं नीट जुळवल्यावर तिला हेही कळलं, की इतकं जुळवायची गरज नव्हती. लाल तिला आवडतो. काल सकाळी अकरा दहापर्यंत ते आवडणं कोणाच्या वाटेत आलं नव्हतं.

पहिला हात डावा, कारण उजव्या हातानं तो नीट होतो. तळाचा थर, साठ सेकंद. रंगाचा थर, साठ सेकंद. दुसरा थर. चार बोटं आधी, अंगठा वेगळा, नाहीतर दिव्यात तो आडवा पडतो आणि रंग एका बाजूला वाहतो. जांभळ्या उजेडात नख किंचित तापायचं, चहाच्या कपाला टेकल्यासारखं, आणि तेवढ्यात निवायचं. शेवटचा चकाकीचा थर, मग स्पिरिटच्या बोळ्यानं वरची चिकट साय पुसायची. डावा हात झाला. तिनं तो लांब धरला. मग उजवा. डावा हात ब्रश धरायला शिकलेला नव्हता, पण त्याला रुई ओढायची सवय होती. तिनं ब्रश चिमटीत धरला, श्वास रोखला आणि नखावर ओढला तसा तो सरळ गेला. चार बोटं झाली. अंगठ्यावर रंगाचा दुसरा थर दिला, टोकावरून ब्रश आडवा फिरवला, अंगठा दिव्यात घातला आणि दिवा विझला. पंखाही थांबला. स्वयंपाकघरातला फ्रिज एक उचकी देऊन गप्प झाला. दोन वाजून वीस मिनिटं. रविवारी दुरुस्तीसाठी लाइन बंद राहणार, हा निरोप सकाळी तिनंच मोबाइलवर वाचला होता आणि विसरली होती.

हा रंग हवेनं वाळत नाही. तासभर ठेवला तरी ओलाच राहतो, आणि कशाला टेकला की गेला. उजवा अंगठा. दहांतला तोच, ज्याच्याशिवाय काम नाही. ती अंगठा वर करून खोलीच्या मधोमध उभी राहिली, एसटीला हात दाखवणाऱ्या माणसासारखी, आणि तिला हसू आलं. काजलला फोन लावला तर उचलला नाही. रविवार, पार्लरला गर्दी. दिव्यात असतं ते उन्हातही थोडं असतं, असं काजल लग्नात बोलता बोलता म्हणाली होती, कोणाच्या तरी बाटलीतला रंग खिडकीत ठेवून गोठला त्याची गोष्ट सांगताना. छाया दार ढकलून अंगणात आली.

अंगणात उन्हात बाज टाकून तिची माय बसली होती. तानाबाई, पंचाहत्तरीच्या पुढची, आष्टीकडच्या शेतांत चाळीस वर्षं कापूस वेचलेली. पुढ्यात सुपात तुरीच्या शेंगा. छाया बाजेच्या कडेला बसली आणि उन्हाकडे हात करून अंगठा धरला. रस्ता समोरच. शेजारच्या रुख्मिणीकाकू नळाकडून जाता जाता थांबल्या, अंगठा पाहिला, कोणाले टाटा करून राह्यली म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता गेल्या. तानाबाईनं शेंग सोलणं थांबवलं नाही.

"कोण्या कामासाठी करून राह्यली वं हे?"

"उद्याच्या."

"त्यानं नाई म्हटलं ना?"

"म्हटलं."

माय पुढे बोलली ते नोकरीबद्दल. पुंडलिकराव वाईट माणूस नाही, खुर्चीवर बसायला काय जाते, बाईनं टेबल सोडलं तर लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील, टेबल गेलं आणि मग खुर्चीही गेली तर कोण विचारणार. सगळं बरोबर होतं. छाया मायच्या बोटांकडे पाहत होती. शेंगेच्या शिवणीत नख घालून ती उघडायची, दाणे सुपात, साल खाली. त्या बोटांच्या टोकांना नखांभोवती बारीक पांढऱ्या रेघा होत्या, शेकड्यांनी. वाळलेल्या बोंडाच्या पाकळीचं टोक दाभणासारखं असतं. वेचताना ते नखाच्या मुळाशी घुसतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा. माय चुलीपाशी बसून तेलात हळद कालवून बोटांना लावायची आणि पिवळ्या बोटांनी भाकर थापायची. छाया अकरा वर्षांची असताना शाळेला सुट्टी म्हणून मायबरोबर वेचायला गेली होती. दिवस कलताना बांधावर मोजणी व्हायची. शेतमालकीण काट्यापाशी उभी राहायची आणि बाया एकामागून एक ओटी सोडून झटकायच्या, पदर झटकायच्या, मग हात पुढे करून मुठी उघडायच्या. कोणी विचारायचंही नाही, हात आपोआप पुढे यायचे. मायनं उघडल्या. छायाची पाळी आली तेव्हा तिनं उजवी मूठ मिटली. हात दाखव म्हटल्यावर जास्तच मिटली. मालकीण ओरडली, मायनं पाठीत धपाटा दिला, मग मायनं आणि आणखी एका बाईनं मिळून एकेक बोट सोडवलं. मुठीत काही नव्हतं. बाया हसल्या. मालकीणही हसली. नंतर कधी ती गोष्ट निघाली नाही.

तेहतीस वर्षं झाली. अकराव्या वर्षी जी मूठ दोन बायांना उघडता येत नव्हती ती काल नुसत्या शब्दावर उघडली, आणि मध्ये काय झालं ते छायाला कुठल्याही एका दिवसावर बोट ठेवून सांगता येत नव्हतं. नागपूरला ग्रेडिंगचा कोर्स केला तेव्हा चोवीस पोरांत ती एकटी. तिथे हात सांभाळून वागायला शिकली असेल. पहिल्या जिनिंगमध्ये पाणी प्यायचा माठ तिच्यासाठी कोणी न बोलता वेगळा झाला होता, ती त्या वेगळ्या माठाचं पाणी दोन हंगाम प्याली, तिथे असेल. नवरा कैलास एसटीच्या आगारात, बदल्यांच्या काळात तिचीच नोकरी घराला धरून होती, तिथे असेल. थोडं थोडं करून उघडली असेल. ऊन अंगठ्यावर सरळ पडत होतं. रंगाच्या पृष्ठभागावर सूर्याचा एक ठिपका होता, आणि तो हलला की हात हलतोय हे कळायचं.

माय म्हणाली, "तुयी मूठ उघडाले दोघी जणी लागलो होतो."

छायानं मान वळवली नाही. अंगठा हलला असता.

"त्यात काईच नव्हतं," माय म्हणाली. "मंग काऊन मिटली होती?"

"मूठ माह्यी होती म्हणून."

शेंग उघडल्याचा आवाज आला, दाणे सुपात पडल्याचा आला. रस्त्यावरून कापसानं भरलेला ट्रॅक्टर मार्केटकडे गेला, ताडपत्री फडफडत. छायाला वाटलं, आता माय पुन्हा नोकरीवर येईल. तानाबाईनं सूप बाजूला सरकवलं, भिंतीच्या सावलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "सावली येऊन राह्यली. इकडे सरक. हात हलवू नको."

लाइन पावणेपाचला आली. छायानं अंगठा दिव्यात दोनदा धरला, चकाकीचा थर दिला, पुन्हा धरला, पुसला. उजेडाकडे तिरपा केल्यावर कोपऱ्याशी रंगाखाली एक बारीक सुरकुती दिसली. सरळ पाहिलं तर दिसत नव्हती. ऊन लागताना वरचा पापुद्रा आधी गोठला असेल. पुन्हा करायचं तर सगळा खरवडून काढावा लागला असता, आणि नख आधीच घासून पातळ झालं होतं. तिनं उशीच्या शिवणीतून चिमूटभर कापूस काढला आणि दहाही नखांच्या कडेवरून ओढला. एकही तंतू अडकला नाही. मग कैलासचा पांढरा रुमाल स्पिरिटनं भिजवून एकेक नख वीस वेळा घासलं. रुमाल पांढरा राहिला. अंगठा तिनं चाळीस वेळा घासला. तरी सुरकुतीबद्दल तिनं मनात नोंद केली, जशी ती कापसाच्या ढिगाबद्दल करायची: संशय आहे, पुरावा नाही.

सोमवारी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी ती टेबलापाशी पोचली. फाटकाबाहेर गाड्या लागलेल्या होत्या. पुंडलिकराव रजिस्टर घेऊन आले, तिचे हात पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. राग यायच्या आधी तो उतरला, हे तिच्या लक्षात आलं.

"मॅडम, मी शनिवारी काय सांगतलं होतं?"

"सांगतलं होतं, भाऊ. आधी पाहून घ्या. मंग काट्यावर पाठवा."

कोणी म्हणायच्या आत तिनं दोन्ही हात काळ्या कापडावर ठेवले. या वेळी ते तिनं ठेवले, आणि ठेवायला लागलेला वेळ तिला स्पष्ट जाणवला. पर्समधून पुडी काढून शनिवारचा लाल कण शेजारी ठेवला. हा माझा होता, ती म्हणाली, चूक माझी, साधा रंग लावून टेबलावर यायला नको होतं. मग पांढरा रुमाल काढला, स्पिरिट ओतलं, सगळ्यांसमोर दहा नखं एकामागून एक घासली आणि रुमाल उलगडून दाखवला. रुई घेऊन नखांच्या कडेवरून ओढून दाखवली. हमालांपैकी दोघे जवळ आले होते. शेवटी तिनं रुमालाची कोरी बाजू वर केली.

"आता टेबलावर ज्याचे ज्याचे हात लागते, सगळ्यांचे पाहा."

पुंडलिकराव मुकेशकडे पाहायचं टाळत होते. मुकेशनं गालातला खर्रा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला केला. "मॅडम, माह्यावाला तं पक्का रंग आहे," तो म्हणाला, "पंधरा वर्षांचा." लोक हसले. तो स्वतःही हसला, आणि हसता हसताच त्यानं रुमाल घेऊन अंगठा पुसला. रुमालावर तांबूस डाग उठला, अंगठ्याएवढा. मुकेश डागाकडे पाहत राहिला. हसणं त्याच्या तोंडावर होतं, पण त्या हसण्याला आता तिथे काही काम नव्हतं.

पुंडलिकरावांनी चष्मा काढला, पुसला, लावला. हे आपल्या हातात नाही, असं ते म्हणाले. मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी टेबलाचा फोटो घेतला: काळं कापड, लाल नखांचे दोन हात, पुडीतला कण, डागाचा रुमाल. फोटो नागपूरला मालकांना पाठवला. खाली काय लिहिलं ते छायाला दिसलं नाही. फाटकावर कोणी तरी हॉर्न धरून ठेवला होता, आणि ट्रॅक्टरवरून एक म्हातारा शेतकरी ओरडून विचारत होता, टेबलावर आज कोण हाये. पुंडलिकराव तिकडे पाहत म्हणाले, उत्तर येईस्तोवर नमुने काढा.

मुकेश नळावर हात धुवायला गेला. साबण मागितला. तो परत आला तेव्हा तिची तिसरी गाडी झाली होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सहावी गाडी लागली होती आणि छायाचा उजवा हात कोपरापर्यंत कापसात होता. मालकांनी फोटो पाहिल्याची खूण दहा वाजून चौतीस मिनिटांनी आली होती. उत्तर आलेलं नव्हतं. अंगठ्याच्या कोपऱ्यावरची सुरकुती होती तशीच होती. पाच गाड्यांत तिच्यातून काही सुटलेलं नव्हतं.